माळ्यावरचा गेम बॉय, फुटलेले सेल आणि माझ्यावरचा २४ वर्षांचा आळ

खिडकीतली_सीट | १७ ऑगस्ट २०२५, दुपारी ३.१०

गणपतीच्या आधी दरवर्षी माळा उतरवायचा, हा आमच्या कराडच्या घरचा नियम आहे. या वेळी पितळी समयांच्या खोक्यामागे एक बुटाचा डबा निघाला. आत आरपार दिसणारा जांभळा गेम बॉय कलर, निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र. मामाने १९९९ च्या मे महिन्यात मस्कतहून आणलेला. कॅसेट आतच होती, पोकेमॉन ब्लू.

वाईट बातमी अशी की दोन पेन्सिल सेलही आतच होते आणि दोन्ही फुटलेत. पांढरा-हिरवा चुरा पसरलाय, स्प्रिंगचा अर्धा भाग दिसतच नाही.

आता मुद्दा. हा गेम बॉय नावाला दोघांचा, प्रत्यक्षात दादाचा. २००१ मध्ये दादाची दहावी. जानेवारीत आईने गेम बॉय जप्त केला. परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये दादाने चालू केला तर त्याची सहा बॅजेसची सेव्ह (म्हणजे साठवलेला खेळ; एका जिममधली लढत जिंकली की एक बॅज) गायब, जागी कुणाची तरी दोन बॅजेसची. त्या गेममध्ये सेव्हची जागा एकच असते, हे इथल्या मंडळींना सांगायला नको. दादाने क्षणभरात निकाल दिला, ‘तूच पुसलीस’, आणि चिडून तो डब्यात टाकला. तेव्हा मी पाचवीत होते. आज दादा चाळिशीला टेकलाय, कॅनडात असतो, आणि अजूनही राखीपौर्णिमेच्या व्हिडिओ कॉलवर हा विषय निघतो. गेल्या शनिवारीसुद्धा निघाला.

मी पुसली नाही. कबुली एवढीच की एकदा चोरून ‘न्यू गेम’ दाबलं होतं आणि घाबरून लगेच बंद केलं होतं.

तर तज्ज्ञांना प्रश्न: हे यंत्र परत चालू होईल का? आणि कॅसेटमधली ती सेव्ह एवढ्या वर्षांनी जिवंत असेल का? मला आत काय आहे ते बघायचंय. कॅसेटमध्येही एक छोटा सेल असतो म्हणे, तो गावातल्या घड्याळजीकडून बदलून आणू का?

---

सोल्डरवाला_बापू | ३.२२

थांबा थांबा थांबा! घड्याळजीकडे जाऊ नका. कॅसेट उघडू पण नका.

सेव्ह त्या बटण सेलच्या जोरावरच टिकून असते. ज्या क्षणी सेल निघाला त्या क्षणी सेव्ह गेली. आधी सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, मग सेल बदलायचा, मग सेव्ह परत चढवायची. हा क्रम चुकला की संपलं.

घरी जाऊन सविस्तर लिहितो. तोवर हात लावू नका, प्लीज.

---

बे_दुणे_चार | ३.४०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. भावंडांचा दावा, २४ वर्षं प्रलंबित. आपल्याकडच्या सरासरीने तसा लवकरच निकाली निघतोय.

---

निवांत_नागपूर | ४.०५

ताई, काहून एवढा जीव जाळून राहिल्या? आजकाल हातात मावनारे चिनी हँडहेल्ड लै स्वस्त भेटतात. आर३६एस घ्या, साडेतीन इंची स्क्रीन, गेम बॉय, अ‍ॅडव्हान्स, प्लेस्टेशन वन सगळं चालते. चार्जिंगची बॅटरी. माझ्याकडं दोन आहेत, एक पोराचा, एक माझा. पोराच्या नावानं दोन्ही मीच खेळतो.

---

खिडकीतली_सीट | ४.११

दादा, गेम खेळायचा नाहीये हो. पुरावा काढायचाय.

---

सोल्डरवाला_बापू | रात्री ९.३०

आता नीट.

आधी सेव्हबद्दल. पोकेमॉन रेड-ब्लूमध्ये सेव्ह ३२ केबीच्या एका छोट्या रॅम चिपमध्ये राहते. यंत्र बंद असताना त्या चिपला नखाएवढा करंट लागतो, तो बटण सेल पुरवतो. या गेममध्ये घड्याळ नाही, म्हणून सेल वर्षानुवर्षं टिकतो. पुढच्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये दिवस-रात्र दाखवायला कॅसेटमध्ये खरंखुरं घड्याळ घातलं आणि ते त्याच सेलवर चोवीस तास चालतं. म्हणून गंमत अशी की नंतर आलेल्या गोल्डच्या सेव्ह कधीच्या मेल्यात आणि आधीच्या ब्लूच्या अजून सापडतात. (रुबी-सफायरमध्ये अजून वेगळं: सेव्ह विजेशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये, सेल फक्त घड्याळाला. तिथे सेल संपला तर संदेश येतो, सेव्ह जात नाही.) तुमची आशा आहे. खात्री नाही, पण आशा आहे.

दुसरं, ‘न्यू गेम’ दाबल्याने काहीही पुसलं जात नाही. पुसलं जातं ते नव्या गेममध्ये जाऊन मेनूतून सेव्ह केलं तरच, आणि तेव्हाही जुनी फाईल जाईल, चालेल का, असं गेम विचारतो. तेव्हा तुमच्या कबुलीजबाबात गुन्हा नाही.

आता फुटलेले सेल. इथे सगळे डोळे झाकून ‘व्हिनेगर लावा’ सांगतात. आधी सेलवर काय लिहिलंय ते वाचा. अल्कलाईन असेल तर गळलेला पदार्थ अल्कधर्मी, त्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. पण आपल्याकडे त्या काळी रेडिओत, टॉर्चमध्ये जायचे ते साधे झिंक-कार्बन सेल. त्यांचं गळलेलं आम्लधर्मी असतं. त्यावर व्हिनेगर ओतलं तर आम्लावर आम्ल. तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून कापसाच्या काडीने लावायचा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि एक दिवस वाळू द्या. साध्या पाण्याखाली धरू नका.

स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर घाबरू नका, सुटे टर्मिनल मिळतात.

---

वाळवंटातला_आंबा | रात्री ११.५०

मी त्याच काळात रुवीत वाढलो (मस्कत), त्यामुळे हा मामा मला ओळखीचा वाटतोय. माझ्या वडिलांनीही दर सुट्टीला भाचरांसाठी एक-एक नेला होता. बॅगेत टँगचा डबा, बदामाची पिशवी आणि गेम बॉय, हा ठरलेला आहेर.

पण एक थंड पाणी टाकतो. तिकडे नकली कॅसेटचा सुळसुळाट होता. नकलीमध्ये सेव्हची व्यवस्था काहीही असू शकते. स्टिकर उजेडात तिरकं धरून बघा. असलीच्या लेबलवर दोन आकडे (कधी पुढे एक अक्षर) दाबून उमटवलेले असतात, शाईने छापलेले नाही. खालून डोकावलं तर पट्टीवर कंपनीचं नावही दिसतं.

---

खिडकीतली_सीट | १८ ऑगस्ट, सकाळी ७.१५

आकडे आहेत! बोटाला लागतात. सेलवर अल्कलाईन कुठेच लिहिलेलं नाही, साधेच आहेत, म्हणजे खाण्याचा सोडा. आज संध्याकाळी प्रयोग. आई विचारतेय, केक करतेयस का.

---

पेन्सिलसेल | सकाळी १०.०२

धाग्यात माझ्या आयडीचा विषय निघाला म्हणून आलो.

आमच्या ठाण्याच्या घरी सेलचा हिशोब वडील ठेवत. कॅलेंडरवर तारीख लिहायची, ‘आज नवे सेल’. म्हणून मला गेम बॉयची खरी कमाल कळते. १९८९ साली तो आला तेव्हा करड्या-हिरव्या चार छटा, १६० गुणिले १४४ ठिपके, मागे दिवा नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स रंगीत पडद्यासह आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोन्ही उजळ, दोन्ही देखणे आणि दोन्हींना सहा-सहा पेन्सिल सेल. गेम गिअर ते तीन ते पाच तासांत फस्त करायचा. कॅलेंडरवाल्या बापाच्या घरात तो आठवडाही टिकला नसता.

गेम बॉय ज्यांच्या विभागात तयार झाला ते गुनपेई योकोई निन्टेंडोत लागले १९६५ मध्ये, कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल करायला. त्यांचं एक सूत्र होतं. जपानी शब्द आहे ‘वाळलेलं तंत्र’; मी त्याला मुरलेल्या लोणच्याचं तंत्र म्हणतो. नवंकोरं आणि महागडं तंत्र घ्यायचं नाही. जे स्वस्त झालंय, ज्याच्या खोड्या माहीत झाल्यात, ते घ्यायचं आणि भलत्याच कामाला लावायचं. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला दिसला, त्यातून १९८० चा गेम अँड वॉच, खिशात मावणारा गेम. कॅल्क्युलेटरचाच पडदा, त्याचाच बटण सेल. आणि आज गेमच्या बहुतेक रिमोटवर दिसतं ते अधिक-चिन्हाच्या आकाराचं बटण १९८२ च्या डाँकी काँगच्या गेम अँड वॉचवर त्यांनीच आणलं.

गेम बॉय आणि कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांवर खपले. लिंक्स आज कुणाला आठवतो?

---

ओले_काजू | सकाळी ११.३०

गेम बॉय बघितलेले तुम्ही श्रीमंत. आमच्या सावंतवाडीत ब्रिक गेम. ९९९९ इन १. त्यातले खरे गेम दहा-बारा, बाकी सगळा वेग आणि भिंतीची उंची बदलून केलेला फुगवटा. जत्रेत मिळायचा, दोन पेन्सिल सेल, आवाज बंद करायची सोय असली तरी ती कधी चालली नाही. मे महिन्यात पडवीत पाच भावंडं आणि एक ब्रिक गेम. हरला की पुढच्याकडे. गाडीचा गेम लावून माझी काकू अर्धा तास हरायची नाही, आणि चुलीवर भात करपायचा.

त्यातल्या विटा म्हणजे टेट्रिस, आणि तो मॉस्कोत १९८४ साली अलेक्सी पाजित्नोव्हने लिहिला, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्याआधी माझी समजूत अशी की ब्रिक गेम ही मूळ वस्तू आणि बाकी सगळ्यांनी तिची नक्कल केली.

---

पेन्सिलसेल | ११.४१

@ओले_काजू, काकूंना नमस्कार सांगा. अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यात मारिओ न घालता टेट्रिसची कॅसेट घातली, त्याचं कारण तुमची काकूच. मारिओ पोरं घेतील, टेट्रिस सगळं घर घेईल, हे टेट्रिसचे हक्क मिळवणाऱ्या हेंक रॉजर्सने निन्टेंडोला पटवलं.

---

फिर्यादी_दादा | संध्याकाळी ७.५५

नमस्कार. या धाग्यासाठी आयडी काढला. मीच तो दादा.

एक, मी ‘क्षणभरात निकाल’ दिला नव्हता. घरात दोन मुलं होती, एक मी. गणित सोपं होतं.

दोन, सहा नव्हे, साडेसहा बॅज. सातव्या जिममध्ये अर्ध्यावर होतो.

तीन, चालू केल्यावर स्क्रीनवर नाव आलं होतं ‘गॅरी’, बॅज दोन. माझं नाव मी स्वतःचं टाकलं होतं. गॅरी हे ब्लूमध्ये तयार मिळणाऱ्या नावांपैकी एक, म्हणजे टाईप करायचा कंटाळा असलेल्या माणसाचं काम. हिला अजून फॉर्म भरायचा कंटाळा आहे.

---

बे_दुणे_चार | ८.०१

फिर्यादी स्वतः हजर! आणि अर्धा बॅज मोजणारा माणूस आहे. ही केस मजबूत आहे.

---

खिडकीतली_सीट | ८.२०

बघा, आला. तिकडे आता सकाळ आहे. ऑफिसात असून लिहितोय.

सोडा लावून झाला. फेस आला, चुरा बराच निघाला. एक स्प्रिंग गेली, दुसरी ठीक वाटतेय. अल्कोहोल उद्या येईल.

---

निवांत_नागपूर | ९.१०

तोवर कोनी मला सांगा, माझ्या हँडहेल्डवर गेम बॉयचा गेम लावला का बाजूनं काळी पट्टी येते. पूर्ण स्क्रीन केलं तं अक्षरं जाड-बारीक दिसतात. हे काय होय?

---

सोल्डरवाला_बापू | ९.४५

चांगलं विचारलंत. विकत घेताना कुणी बघत नाही आणि मग आयुष्यभर कुरकुर करतात.

जुन्या गेमचा एक ठिपका नव्या पडद्यावर पूर्ण आकड्यात वाढला पाहिजे: दोनपट, तीनपट. अडीचपट केलं की काही ठिपके जाड, काही बारीक. तुमचा पडदा ६४० गुणिले ४८०. गेम बॉय १६० गुणिले १४४. तीनपट केला की ४८० गुणिले ४३२, म्हणजे चारी बाजूंना पट्टी राहणारच. चारपट केला तर उंची ५७६, बसतच नाही. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स २४० गुणिले १६०, तो दुप्पट करून फक्त ४८० गुणिले ३२०, निम्मा पडदा वाया. प्लेस्टेशन वनचे बरेच गेम ३२० गुणिले २४०, ते मात्र दुप्पट करून काठोकाठ.

म्हणून मियू मिनी प्लस किंवा आरजी३५एक्सएक्स (दोन्ही असेच ६४० गुणिले ४८० पडद्याचे हँडहेल्ड) घेणाऱ्याला मी विचारतो, तुझा जीव कशात आहे? प्लेस्टेशनमध्ये असेल तर जरूर घे. अ‍ॅडव्हान्समध्ये असेल तर ७२० गुणिले ४८० पडद्याचा आरजी३४एक्सएक्स बघ, बरोब्बर तिप्पट. आणि पैशाला हिशोबच नसेल तर अ‍ॅनालॉग पॉकेट, १६०० गुणिले १४४०, गेम बॉयच्या दहापट, मूळ कॅसेट चालते. तो माझ्या यादीत आहे. यादीतच राहणार.

तुम्ही सेटिंगमध्ये ‘इंटिजर स्केलिंग’ चालू करा आणि काळ्या पट्टीवर प्रेम करायला शिका.

---

निवांत_नागपूर | ९.५८

केलं. बाप रे, अक्षरं काचेवानी दिसून राहिली. एक वर्ष मी जाड-बारीक खेळलो बे.

अजून एक. टाईप-सीच्या दोन्हीकडून सी असलेल्या वायरनं चार्जच होत नाही. मला वाटलं बिघडला.

---

सोल्डरवाला_बापू | १०.०४

बिघडला नाही. काही स्वस्त यंत्रांत सीच्या सॉकेटपाशी लागणारे दोन टिचभर रेझिस्टर वाचवलेले असतात, म्हणून मोठा चार्जर त्याला ओळखतच नाही. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली वायर वापरा.

आणि यंत्राबरोबर आलेलं मेमरी कार्ड आजच काढून चांगल्या कंपनीच्या कार्डावर उतरवा. माझं चौथ्या महिन्यात गेलं, पन्नास तासांची सेव्ह घेऊन. म्हणूनच मला या ताईंच्या ३२ केबीची एवढी काळजी.

---

वाळवंटातला_आंबा | १०.३०

हे सगळं मागवता कुठून? अलीएक्स्प्रेस तर नोव्हेंबर २०२० पासून भारतात बंद.

---

बे_दुणे_चार | १०.४४

कुणाचा तरी मेहुणा दुबईहून येत असतो. मामा बदलला, बॅग तीच.

---

वकीलसाहेबा | १९ ऑगस्ट, सकाळी ९.००

सेव्ह ‘उतरवून’ घेण्याबद्दल कुणी शंका काढायच्या आत लिहून ठेवते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(कक) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतलं ‘एए’, प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती हरवू-बिघडू नये म्हणून राखीव प्रत काढायची मुभा आहे. स्वतःच्या कॅसेटवरून, स्वतःसाठी. हजारो गेम भरलेलं कार्ड विकणं किंवा विकत घेणं या मुभेत बसत नाही, तेव्हा त्याचे दुवे इथे मागू नका.

त्याचबरोबर माझं मतही नोंदवते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं तर तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. विकायचंही नाही आणि जपूही द्यायचं नाही, हे मला वकील असूनही पटत नाही.

---

सोल्डरवाला_बापू | दुपारी १.१५

@खिडकीतली_सीट, माझ्याकडे कॅसेट वाचायचं यंत्र आहे, जीबीएक्सकार्ट. काड्यापेटीएवढं, यूएसबीला लावायचं. पुण्याला येणं होतं का? पाच मिनिटांचं काम. कुरियरने कॅसेट पाठवू नका. सेल किती धुगधुगी धरून आहे माहीत नाही, वाटेत आपटाआपटी नको.

---

खिडकीतली_सीट | १.४०

२३ ला येतेय, गणपतीची खरेदी आहेच. कॅसेट हातरुमालात गुंडाळून आणते. निरोप पाठवला आहे.

---

फिर्यादी_दादा | रात्री ८.३०

पुरावा तज्ज्ञाच्या ताब्यात जाण्यापूर्वी त्याच्याशी छेडछाड होणार नाही याची हमी काय? :)

---

खिडकीतली_सीट | ८.३२

यंत्रच चालू होत नाहीये रे! अल्कोहोलने पुसलं, नवे सेल घातले, लाल दिवा लुकलुकून विझतो.

---

सोल्डरवाला_बापू | ८.५०

स्विच. गेम बॉय कलरचा चालू-बंद करायचा सरकता स्विच आतून काळा पडतो, वीज अर्धवट पोचते. त्याच्या फटीत अल्कोहोलचा एक थेंब सोडा आणि बंद यंत्रातच पन्नास वेळा पुढे-मागे करा. न उघडता बरंच काम होतं. उघडायचं झालं तर तीन पात्यांचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, साध्याने स्क्रूचं डोकं खराब कराल. असू दे, इकडे घेऊनच या.

---

सोल्डरवाला_बापू | २३ ऑगस्ट, दुपारी ४.२०

पंचनामा.

ताई आल्या. रुमालातून कॅसेट काढली. जोडाची टोकं पुसली (फुंकर मारली नाही. लहानपणी सगळ्यांनी मारली, पण तोंडाच्या ओलाव्याने ती टोकं गंजतात. कॅसेट काढून परत घातल्याने ती चालायची, श्रेय फुंकरेला जायचं). वाचनयंत्राला लावली. गेम वाचला, एक एमबी. मग सेव्ह वाचली, ३२ केबी. दोनदा वाचून दोन्ही फायली ताडून पाहिल्या, तंतोतंत सारख्या.

सेव्ह जिवंत आहे.

मगच कॅसेट उघडली. सेलवर मीटर लावला तर २.६ व्होल्ट. नवा असताना ३. जुना सेल वेल्डिंगच्या पत्र्यासह निघाला, तसाच पत्रा असलेला नवा बसवला. बटण सेलवर थेट सोल्डर मारणाऱ्यांनो, सेल तापून फुटू शकतो, हे करू नका. सेव्ह परत चढवली. यंत्राचा स्विच साफ केला, एक टर्मिनल बदललं. पहिल्या झटक्यात सुरू.

पडद्याबद्दल एक सांगतो. मी नवा उजळ आयपीएस बसवून देऊ का विचारलं. ताई नको म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन यंत्र तिरकं धरलं, अगदी सहज, जसं काही कालच ठेवलं होतं. कलरच्या पडद्यामागे दिवा नाही, बाहेरचा उजेड परतवून तो दिसतो. ज्यांनी तो लहानपणी खेळलाय त्यांची मान अजून त्याच कोनात वळते.

आत काय निघालं ते ताईच सांगतील.

---

खिडकीतली_सीट | रात्री ९.४०

स्वारगेटहून कराडच्या एसटीत लिहितेय, खिडकीतल्या सीटवरून.

नाव गॅरी. बॅज दोन. खेळलेला वेळ ११ तास आणि काही मिनिटं.

दादा, अकरा तास. तू मला तो गेम बॉय अकरा मिनिटं तरी हातात दिला होतास का?

सेव्ह तिसऱ्या जिममध्ये आहे, तेच ते कचऱ्याच्या डब्यांचं, जिथे डब्यांत लपलेली दोन बटणं शोधायची असतात. पोकेमॉन चार. पहिला चारमेलियन, त्याचं नाव ठेवलंय ‘मोती’. एका पिजीचं नाव ‘चिंगी’. बाकी दोघांना नावं नाहीत.

---

पेन्सिलसेल | ९.५२

मोती कोण?

---

खिडकीतली_सीट | ९.५५

हाच प्रश्न दादाला विचारा.

---

बे_दुणे_चार | १०.३०

फिर्यादी ऑनलाइन दिसतायत. टाईप करतायत की पाणी पितायत?

---

फिर्यादी_दादा | ११.१८

मोती हा आमच्या खालच्या मजल्यावरच्या बंटीचा कुत्रा. चिंगी त्याची धाकटी बहीण.

मोती हिला चावला होता, २००० साली, डाव्या पोटरीला. त्यानंतर ही जिन्यावरून एकटी उतरायची नाही. ही स्वतःच्या चारमेलियनचं नाव मोती ठेवणार नाही. मान्य.

आईला आत्ता फोन करून उठवलं. ती म्हणते, जप्त केलेला गेम बॉय घरात ठेवला तर मी शोधून काढीन म्हणून तिने तो जानेवारीपासून बंटीच्या आईकडे ठेवायला दिला होता. हे ती मला २४ वर्षांत बोलली नाही, कारण ‘तू कधी विचारलंस?’

---

निवांत_नागपूर | ११.२५

हे तं भारीच झालं बे!! मायबाईनंच पुरावा शेजारी ठेवला होता.

---

वकीलसाहेबा | ११.३१

आरोपी निर्दोष. खर्च फिर्यादीकडून वसूल करावा. सेल, टर्मिनल आणि एसटीचं तिकीट, येऊन-जाऊन.

---

फिर्यादी_दादा | ११.४०

पैसे पाठवले. माफी फोनवर मागितली, इथे मागणार नाही.

पण ती बंटीची सेव्ह आता पुसून टाक. मी डिसेंबरात येतोय, पहिल्यापासून खेळणार.

---

खिडकीतली_सीट | ११.४४

अजिबात नाही. तुझी साडेसहा बॅजेसची तशीही परत येणार नाही. आणि पुसायचा आळ तर माझ्यावर आधीच २४ वर्षं होता, आता खरंच पुसू?

---

सोल्डरवाला_बापू | ११.५८

भांडू नका. ३२ केबीची फाईल माझ्याकडेही आहे, ताईंकडेही आहे. कॅसेटवर हवा तो गेम खेळा, बंटीचा कधीही परत चढवता येईल. तेव्हा ही सोय नव्हती, म्हणून तर एवढं रामायण.

---

ओले_काजू | २४ ऑगस्ट, सकाळी ८.१०

वाचनखूण साठवली. बंटीला कळवलं की नाही?

---

खिडकीतली_सीट | दुपारी १२.०५

आत्ताच बोलले. नंबर आईकडे होता. बंटी सांगलीत असतो, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये. सगळं ऐकून घेतलं. दादाची सेव्ह आपण पुसली हे त्याला आजवर माहीतच नव्हतं. त्याला वाटलं होतं, गेम विचारतोय तर ‘हो’ म्हणायचं असतं.

मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, ‘ताई, त्या डब्यांमधलं दुसरं बटण सापडलं का गं कुणाला?’

---

सोल्डरवाला_बापू | १२.२०

त्याला सांगा, पहिलं सापडलं की लगेच शेजारच्याच डब्यात बघायचं. चुकलं की दोन्ही बटणं नव्या जागी जातात.

---

खिडकीतली_सीट | १२.२६

सांगितलं. म्हणतोय, दसऱ्याला कराडला येतो, तोवर सेल काढून ठेव.